गाडगेबाबांचे दगडी स्मारक : वऱ्हाडात ते कसे उभे राहते?

अमरावती शहरातल्या गाडगेनगर या भागाच्या नावामागे एक समाधी आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबा अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच त्यांचे निधन झाले. अमरावतीत ज्या जागी त्यांना अखेरचा निरोप दिला गेला तिथे समाधी झाली, तिच्याभोवती वस्ती वाढली आणि वस्तीला बाबांचेच नाव मिळाले. दरवर्षी पुण्यतिथीच्या दिवसांत इथे मोठा उत्सव असतो.

आपली मूर्ती, समाधी, स्मारक किंवा मंदिर बांधू नका, जिथे मरेन तिथेच शेवटचे संस्कार करून मोकळे व्हा, असे गाडगेबाबांनी सांगून ठेवले होते, ही आठवण त्यांचे अनुयायीच पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तरीही आज त्यांचे पुतळे, समाधी आणि स्मारके आहेत. म्हणजे ज्या माणसाला दगड नको होता त्याला दगडात कसे आणायचे, हा प्रश्न वऱ्हाडात शिल्पकार, गवंडी आणि समित्यांपुढे वारंवार येतो. त्यात श्रद्धेचा भाग मोठा आहेच. पण भूगर्भशास्त्र, मातीची जात, पाण्यातला क्षार आणि सरकारी नियम यांचाही त्यात वाटा आहे, आणि त्याबद्दल सहसा कोणी लिहीत नाही.

आधी माणूस समजून घेऊ

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील लवकर गेले. आई सखुबाई त्यांना घेऊन माहेरी, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी आली. गुरे राखणे, औत धरणे, मामाची शेती सांभाळणे यातच त्यांचे बालपण आणि तारुण्य गेले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले.

शाळेत न गेलेला हा माणूस पुढची पन्नास वर्षे महाराष्ट्राचा शिक्षक झाला. त्यांची शाळा म्हणजे कीर्तन. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला प्रश्न विचारायचे, ही त्यांची पद्धत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे बकरे कापू नका, शिवाशिव पाळू नका, मुलांना शाळेत घाला, हे ते उपदेश म्हणून सांगत नसत. समोरच्या शेतकऱ्याला एकेक प्रश्न विचारत त्याच्याच तोंडून ते वदवून घेत. शेंदूर फासलेल्या दगडापुढे नवस बोलणाऱ्यांची ते कीर्तनात भरपूर थट्टा करत. हा तपशील पुढे आपल्याला लागणार आहे.

त्यांच्या नावाने दगडविटांची कामेही पुष्कळ उभी राहिली. १९०८ मध्ये पूर्णा नदीवरचा ऋणमोचनचा घाट, १९१७ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, १९२५ मध्ये मूर्तिजापूरची धर्मशाळा, शिवाय नाशिक, देहू, आळंदी आणि मुंबई येथली कामे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. यातल्या कुठल्याही वास्तूवर स्वतःचा किंवा कुटुंबाचा हक्क त्यांनी ठेवला नाही.

म्हणजे गाडगेबाबांचे दगडाशी भांडण नव्हते. पुजायचा दगड त्यांना नको होता. ज्यावर पाय ठेवून लोक नदीत उतरतील किंवा ज्याच्या आडोशाला रात्री झोपतील, तो दगड त्यांनी आयुष्यभर गोळा केला.

वऱ्हाडचा दगड कोणता?

वऱ्हाडचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या खडकावर, म्हणजे बेसॉल्टवर, बसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि थंड झाले, त्यातून तो बनला. आपण ज्याला ‘काळा पाषाण’ म्हणतो तो हाच. अमरावतीचा जुना परकोट, गाविलगडाची तटबंदी, खेड्यापाड्यांतल्या विहिरी, गढ्या आणि जोती यांत तोच वापरलेला दिसतो. अकोल्यात ‘खदान’ नावाची वस्ती आहे आणि त्याच नावाचे पोलीस ठाणेही आहे. खदान म्हणजे दगडाची खाण. शहर कशातून बांधले गेले हे त्या नावातच आहे.

पण सगळा काळा दगड घडवण्याजोगा नसतो. लाव्हाच्या प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र होतो. त्या पोकळ्यांत पुढे पांढरी-हिरवी खनिजे साचतात. असा दगड छन्नीखाली भुगा होतो किंवा पावसाळ्यात खवले टाकतो. थराच्या मधला घट्ट, बारीक कणांचा भाग तेवढा उपयोगी. जुने पाथरवट हातोडीने दगड वाजवून पाहत. खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध, बद्द वाजला तर आत चीर आहे असे समजायचे. यंत्रे आली तरी ही परीक्षा अजून बाद झालेली नाही.

या दगडाने काय साधते आणि काय साधत नाही, हे पाहायचे तर अकोला जिल्ह्यातच दोन उत्तम जागा आहेत. बार्शीटाकळीचे कालिका देवीचे मंदिर शके १०९८, म्हणजे इसवी सन ११७६ च्या शिलालेखासाठी ओळखले जाते. यादवकाळातल्या अशा मंदिरांत चुना जवळजवळ नसतोच. दगडाला खाचा आणि उंचवटे घडवून ते एकमेकांत अडकवलेले असतात. दुसरी जागा बाळापूरची, मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी काळ्या दगडाची छत्री. नदीकाठी उभ्या असलेल्या या छत्रीला पुराचे तडाखे बसले, तरी ती उभी आहे. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरचे नाजूक कोरीवकाम पाहिले की अनेकांना वाटते की काळ्या दगडातही इतके बारीक काम होते. तो दरवाजा मात्र फिकट वालुकाश्मातला आहे. वालुकाश्म मऊ असतो, जाळी आणि अक्षरे त्यात लवकर उतरतात. बेसॉल्ट तसे सहज करू देत नाही.

पूर्णेच्या काठी दगड आणायचा कुठून?

ऋणमोचन हे भातकुली तालुक्यात पूर्णाकाठचे गाव. पौष महिन्यातल्या रविवारी इथे यात्रा भरते. पूर्णेचे खोरे म्हणजे नदीने आणून टाकलेल्या गाळाचा पट्टा. काही ठिकाणी हा गाळ शेकडो मीटर खोल आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा तो हाच. इथे विहीर खणली तर पाणी खारट लागते आणि कितीही खणले तरी खडक लागत नाही. वऱ्हाड दगडाचा प्रदेश असला तरी त्याच्या ऐन मध्यावर असा बिनदगडाचा पट्टा आहे, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही.

आता हिशेब करून पाहा. घट्ट बेसॉल्टचा एक घनफूट दगड साधारण ८० किलो भरतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा एक चिरा म्हणजे १६० किलो. बैलगाडीत कच्च्या रस्त्याने एक टन माल नेला असे धरले तर एका खेपेत सहा चिरे. घाटाची ५० फूट लांबीची एकच पायरी घालायची तर २५ चिरे लागतात, म्हणजे चार टन दगड आणि चार गाड्यांच्या वर खेपा. हा फक्त वरचा दर्शनी दगड झाला. मागची भरणी, पायाची भिंत, चुना आणि वाळू वेगळीच. पावसाळ्यात काळ्या मातीतून गाडी हलत नाही, म्हणून हे सगळे दिवाळीनंतर ते मृगापर्यंतच. आणि नेमके त्याच दिवसांत कापूस वेचायचा असतो, गहू-हरभरा काढायचा असतो.

घर सोडून तीन वर्षे झालेल्या, पदरी पैसा नसलेल्या एका परटाच्या मुलाच्या कामाचे वजन या हिशेबातून कळते. वर्गणी, गाड्या, बैल आणि माणसांचे हात, सगळे लोकांकडून आले. कीर्तनाने नुसते डोळे ओले होत नाहीत, गाड्याही जुंपल्या जातात, हे वऱ्हाडाने तेव्हा पाहिले.

भारतात सिमेंट नियमितपणे बनू लागले ते १९१४ पासून, पोरबंदरच्या कारखान्यात. त्याआधी दगडी बांधकाम म्हणजे चुन्यातले. कंकराची भट्टी लावायची, चुना विरवायचा, मग बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायचा. गुळाचे पाणी आणि हिरडा घालण्याची रीत होती, त्याने चुना चिवट होतो. चुन्याची मोठी खुबी अशी की तो थोडा हलतो. पाया जरासा खचला तर चुन्याच्या सांध्यात बारीक भेग पडते आणि दगड शाबूत राहतो. सिमेंटचा सांधा दगडापेक्षा कडक झाला तर मात्र दगडच फुटतो. म्हणून जुन्या घाटाची किंवा मंदिराची दुरुस्ती सिमेंटने करू नये असे जाणकार सांगतात, आणि गावोगावी ती सिमेंटनेच होते.

घाटाचा खरा शत्रू पाणी नव्हे, पाण्याखालची झीज. पुराचे पाणी सर्वांत खालच्या पायरीच्या बुडाची माती उपसून नेते. ती पायरी सुटली की वरची प्रत्येक पायरी एकेक करून खाली येते. त्यामुळे घाट बांधताना सगळ्यात जास्त दगड जिथे कोणालाच दिसत नाही तिथे, नदीच्या पात्राखालच्या भिंतीत जातो. पायऱ्यांना बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवावा लागतो, नाहीतर पाणी आत मुरून मागची भरणी फुगते.

पुतळा घडताना

गाडगेबाबांचे वर्णन वऱ्हाडातले लहान मूलही सांगेल. डोक्यावर खापराचा तुकडा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, हातात खराटा किंवा काठी, आणि सोबत गाडगे, ज्यावरून नाव पडले. चित्रकाराला हे वर्णन पर्वणी वाटते. दगडात काम करणाऱ्याला मात्र यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू अडचणीची आहे.

दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. खराट्याच्या काड्या, पुढे आलेला हात, बारीक घोटे ही सगळी ताणाची ठिकाणे. संगमरवरात सुटा, हवेत धरलेला खराटा कोरला तर तो वाहतुकीतच तुटण्याची भीती. म्हणून शिल्पकार खराटा अंगाला किंवा जमिनीला चिकटवून ठेवतात, नाहीतर तो धातूचा करून नंतर बसवतात. पायांचेही तसेच. पायघोळ वस्त्र असलेल्या संतांचा उभा पुतळा सोपा, कारण वस्त्रच खांबाचे काम करते. बाबांचे पाय गुडघ्याखाली उघडे. मग दोन घोट्यांवर सगळे वजन येऊ नये म्हणून मागे दगडाचा आधार ठेवावा लागतो, किंवा बाबांना बसते करावे लागते. समाधीस्थळी आणि मंदिरांत संतांच्या बैठ्या मूर्ती जास्त दिसतात त्याला ध्यानाची परंपरा हे कारण आहेच, पण दगडाचे हे साधे गणितही आहे.

कामाची रीत ठरलेली आहे. आधी छायाचित्रे गोळा होतात. मग शाडू मातीचा छोटा नमुना, तो पसंत पडला की पूर्ण आकाराचा मातीचा पुतळा. त्यावरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा आणि साच्यातून प्लास्टरची प्रत. ब्राँझचा पुतळा करायचा तर इथून ओतकाम सुरू होते. दगडाचा करायचा तर प्लास्टरच्या प्रतीवर खुणांचे बिंदू ठरवतात आणि सुई लावलेल्या मोजणीच्या चौकटीने प्रत्येक बिंदूची खोली दगडावर उतरवतात. हजारो बिंदू होतात. आधी मोठी टाकी, मग दातेरी छन्नी, मग सपाट छन्नी, शेवटी कानस आणि घासणीचे दगड. आज संगणकावर चालणारी कोरीव यंत्रे पहिले दोन टप्पे उरकतात, पण चेहरा आणि डोळे हातानेच पुरे करावे लागतात.

महाराष्ट्रातल्या संतांच्या बहुतेक पांढऱ्या मूर्ती जयपूरच्या मूर्तिकारांकडून येतात आणि त्यांचा संगमरवर बहुतांशी मकराण्याचा असतो. गाडगेबाबांना मात्र तो शोभत नाही, असे माझे मत आहे. गुळगुळीत पांढऱ्या संगमरवरात चिंध्यांच्या घड्या रेशमी उपरण्यासारख्या दिसू लागतात. ठिगळ हे ठिगळ वाटत नाही, नक्षी वाटते. काळ्या दगडाची गंमत अशी की तो घासून चकाकवला तर काळाभोर होतो आणि टाकीचे घाव तसेच ठेवले तर करडा, खरबरीत राहतो. गोधडीसारख्या जाड्याभरड्या वस्त्राला हा खरबरीतपणा अगदी जुळतो. चेहरा तेवढा घासायचा, बाकी टाकीवर सोडायचे. पण बेसॉल्टमधला पुतळा वेळखाऊ, आणि समितीला तो पुढच्या पुण्यतिथीला हवा असतो.

दुसरे कारण व्यवहाराचे. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच भाऊ. आंबट पदार्थाने तो विरघळतो. दही, लिंबू, पंचामृत यांनी वर्षानुवर्षे अभिषेक झाला की नाक-डोळ्यांची धार जाते, कुंकवाचे डाग आत मुरतात. उघड्यावर असेल तर धूळ आणि धूर मिसळलेला पाऊसही तेच काम हळूहळू करतो. बेसॉल्टला याची फारशी बाधा नाही. जाता जाता हेही सांगायला हवे की चौथऱ्यावर लावली जाणारी काळी ‘कडप्पा’ फरशी ग्रॅनाइट नसून चुनखडकच आहे. उन्हापावसात काही वर्षांत ती पांढुरकी पडते. निविदेत ‘काळा दगड’ एवढेच लिहिलेले असेल तर ठेकेदार काय लावेल याचा नेम नाही.

काळी माती आणि खारे पाणी

पुतळा कितीही चांगला घडला तरी वऱ्हाडात तो टिकतो की नाही हे चौथऱ्याखाली ठरते. कापसाची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात शेतात पडणाऱ्या भेगांत हात जातो, हे इथल्या प्रत्येकाने पाहिले आहे. या मातीवर सरळ चौथरा बांधला तर तो दरवर्षी थोडा उचलला जातो आणि थोडा बसतो. सगळीकडून सारखा नाही, एका कोपऱ्यातून जास्त. पुतळा कलतो, फरशीचे सांधे उघडतात, पावसाचे पाणी आत जाते आणि पुढच्या वर्षी तो कोपरा आणखी हलतो.

माती उथळ असेल तर उपाय सोपा. मुरूम लागेपर्यंत खोदायचे आणि पाया मुरमावर ठेवायचा. अमरावती शहराच्या बऱ्याच भागात हे जमते, कारण खडक फार खोल नाही. खारपाणपट्ट्यात मुरूमच लागत नाही. तिथे तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्या काळ्या मातीसाठीच विकसित केली. वरची माती कितीही हलली तरी खालचा कंद खांबाला धरून ठेवतो.

खाऱ्या पाण्याचा त्रास वेगळा. आजची बहुतेक स्मारके आतून लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची आणि बाहेरून दगडी फरशीची असतात. काँक्रीट गावच्या बोअरच्या पाण्यात मळले तर त्यातला क्लोराइड सळ्यांना गंज आणतो. भारतीय मानकानुसार सळ्या असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. खारपाणपट्ट्यातल्या पुष्कळ विहिरी आणि बोअर या मर्यादेत बसत नाहीत, म्हणून बांधकामाला टँकरने गोडे पाणी आणावे लागते. ज्या गावात प्यायला गोडे पाणी पुरत नाही तिथे स्मारकाला टँकर येणे, हे बाबांच्या कीर्तनातच शोभले असते.

शिवाय जमिनीतला क्षार ओलाव्याबरोबर भिंतीत चढतो आणि दगडाच्या सांध्यांवर पांढरी पूड होऊन बसतो. लोक ती पुसतात, ती पुन्हा येते. जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा थर नीट घातला नसेल तर वरून काहीही लावून ती थांबत नाही.

परवानगी

सार्वजनिक जागेत पुतळा बसवणे आता पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये राज्यांना आदेश दिला की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे किंवा बांधकामे उभारायला परवानगी देऊ नये. महाराष्ट्रात जागेची मालकी, स्थानिक संस्थेचा ठराव, पोलिसांचा अभिप्राय, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता एवढे टप्पे पार करावे लागतात. देखभालीची जबाबदारी कोण घेणार हेही लिहून द्यावे लागते, आणि पुढे सर्वांत लवकर विसरली जाणारी अट हीच असते. ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा नऊ महिन्यांच्या आत कोसळला. तो दगडाचा नव्हता, पण तेव्हापासून कोणत्याही पुतळ्याच्या मजबुतीच्या कागदपत्रांकडे लोक जास्त बारकाईने पाहू लागले आहेत.

कोनशिलेबद्दल एवढेच सांगतो की अनेक ठिकाणी स्मारकातला सर्वांत उत्तम घासलेला दगड उद्घाटकांच्या नावांचा असतो.

नको म्हटलेले स्मारक करावे का?

या प्रश्नाला वऱ्हाडात दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. एक पक्ष म्हणतो, बाबांची आज्ञा स्पष्ट होती. पुतळा उभा राहिला की हार येतो, हारामागे नारळ येतो, मग नवस येतो, आणि ज्या गोष्टीची त्यांनी कीर्तनात थट्टा केली तीच त्यांच्या पायाशी सुरू होते. दुसरा पक्ष म्हणतो, परटाच्या घरी जन्मलेल्या माणसाचा पुतळा चौकात असणे यालाच अर्थ आहे. चौकाचौकांत राजे आणि पुढारी आहेत, तिथे खराटा हातात धरलेला एक माणूसही असू दे. ज्यांना शतकानुशतके मंदिराच्या पायरीशी उभे केले गेले, त्या समाजातल्या मुलाला आपल्यासारखा माणूस चौथऱ्यावर दिसणे ही किरकोळ गोष्ट नाही.

मला दुसरा युक्तिवाद पटतो, पण पहिल्यातली भीतीही खरी आहे. म्हणून स्मारकाचा आराखडा महत्त्वाचा ठरतो. मूर्ती गाभाऱ्यात, कठड्यामागे, छत्राखाली ठेवली की पाहणारा आपोआप हात जोडतो. तीच मूर्ती जमिनीलगत, पाण्याच्या नळाशेजारी, बसायच्या ओट्याजवळ ठेवली की लोक तिच्याभोवती वावरतात. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, गरीब मुलांना शिक्षण, बेघरांना आसरा, रोग्याला औषध अशी त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली दशसूत्री स्मारकांत फलकावर लावतात. त्यातले पाणी आणि आसरा तरी प्रत्यक्ष त्या जागी मिळावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

शेजारीच दुसरे उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातल्याच गुरुकुंज मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची समाधी आहे. त्यांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथे मौन पाळले जाते. त्या वेळी हजारो माणसे नुसती उभी असतात. दगड तिथेही आहे, पण तिथे येणाऱ्याला आधी आठवते ते हे मौन.

गाडगेबाबांच्या नावाने दगडाखेरीज इतरही स्मारके झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये कराडला काढलेले महाविद्यालय त्यांच्या नावाने आहे. २००० मध्ये राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. अक्षरओळख नसलेल्या माणसाचे नाव आज त्या विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीवर छापलेले असते.

देखभाल

दगडी स्मारकाची देखभाल म्हणजे खर्चिक रसायने असा समज आहे. प्रत्यक्षात साधे पाणी, मऊ ब्रश आणि नियमितपणा एवढे पुरते. आम्ल वापरायचे नाही, वाळूचा मारा करायचा नाही, ऑइल पेंट तर अजिबात लावायचा नाही. रंगाने दगडाचा श्वास कोंडतो, आतली ओल बाहेर पडत नाही आणि रंगाबरोबर दगडाचाही पापुद्रा निघतो. उत्सवाआधी काळ्या दगडाला चकाकी यावी म्हणून तेल चोळतात, त्यावर धूळ बसून दोन वर्षांत जाड थर होतो. सांध्यांत उगवलेले पिंपळाचे रोप बोटाएवढे असतानाच काढायचे. मनगटाएवढे झाल्यावर ते काढताना दगडही निघतो.

नदीकाठच्या घाटाला तर एवढेही लागत नाही. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळ बसलेला असतो. तो ओला असताना फावड्याने ओढला तर सहज निघतो. वाळून दगडासारखा झाला की कुदळ लागते, आणि कुदळीने पायरीच्या कडा फुटतात. ऋणमोचनची यात्रा पौषात असते, म्हणजे गाळ काढायला मधले दोन-अडीच महिने मिळतात. लागते ती फावडी, घमेली आणि शेवटी एक खराटा.